बारावी पॉलिसी

आमच्या धंद्यात माणूस परक्याच्या घरात शिरतो, चहा पितो आणि विचारतो, "तुम्ही गेल्यावर पैसे कोणाला द्यायचे?" मग किस्से साचणारच! आमचे साचायचे रत्नागिरीच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात, विमा एजंटांच्या टेबलावर. बापू सावंत सगळ्यांत जुने. नझीरभाई मिरकरवाड्याचे, खलाशी आणि गल्फवाले त्यांचे गिऱ्हाईक. तिसरा मी, दहावीनंतर शाळा सोडलेला. माझ्या तोंडून ‘मृत्यू’ हा शब्दच निघायचा नाही. मी "काही बरंवाईट झालं तर" म्हणायचो, तेही बशीकडे बघत.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. वर्षाला बारा पॉलिस्या झाल्या नाहीत तर एजन्सी जायची. माझ्या झाल्या होत्या अकरा आणि मार्च डोक्यावर आलेला. सगळी आशा दत्तारामकाकांवर. ते मुंबईत छापखान्यात जन्म काढून हातखंब्याच्या आतल्या अंगाला, आपल्या गावी परतले होते. पेन्शन नाही, फंडाचे पैसे तेवढे हातात. ते पोस्टात ठेवायचे की विम्याची पेन्शन घ्यायची? पेन्शनमध्येही दोन तऱ्हा. एकट्याच्या हयातीपुरती घेतली तर रक्कम मोठी, पण काका गेले की बंद. दोघांच्या हयातीपर्यंत घेतली तर रक्कम कमी, पण मागे सुलोचनाकाकूंना चालू. मूलबाळ नव्हतं. काकांचा निर्णय चुकला तर काकू उघड्यावर पडणार होत्या.

बाजाराच्या दिवशी काका आमच्या टेबलावर येऊन बसायचे. "हां, पटवा मला!" मी तोंड उघडेपर्यंत आमच्या ज्येष्ठ मंडळींचे किस्से सुरू!

*

पहिला नझीरभाईंचा. "काका, एका खलाशाला साठीला पैसे देणारी पॉलिसी दिली. त्याच्या अम्मीने पेटीतून जन्माचा दाखला काढून दिला. सगळं रीतसर. साठ पूर्ण झाली, मी चेक घेऊन घरी गेलो, तर हा चेकला हात लावीना!"

"का म्हणून?"

"म्हणाला, 'नझीर, तो दाखला माझ्या मोठ्या भावाचा. तो तीन वर्षांचा असताना खाडीत बुडाला. त्याच वर्षी मी झालो. अम्मीने नाव तेच ठेवलं, दाखला तोच ठेवला. आज साठ झाली ती त्याची.'"

"मग?"

"मग काय, जेवायला बसलो. घरात आम्ही दोघंच, पानं मात्र तिघांची मांडलेली. मी मधल्या पानावर बसायला गेलो, तर म्हणाला, 'भाय, तिथं नको.'"

काका म्हणाले, "विचार करतो." अर्धा चहा टाकून गेले.

*

पुढच्या बाजाराला बापू. राजापूरच्या एका दुकानदाराने त्यांना विचारलं, "बापू, खरं सांगा. विम्यात मी जगलो तर जास्त मिळतात की मेलो तर?"

बापू खोटं बोलत नाहीत, हाच त्यांचा दोष. "जगलास तर पोस्टापेक्षा थोडे कमीच पडतील रे. पण लवकर गेलास तर बायकोला भरपूर!"

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. बराच वेळ थांबला. मग वहिनी हसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, चहा ठेवू?"

"पॉलिसी त्याने घेतली," बापू म्हणाले. "पण त्या दिवसापासून चहा मात्र तो स्टँडवरच घेतो!"

काका हसले. मग हातातल्या कपाकडे बघून म्हणाले, "विचार करतो."

*

बापूंचाच अजून एक, छोटा. वारस म्हणून एकाने आपल्या आईचं नाव सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली!"

"ठाऊक आहे गो," तो शांतपणे म्हणाला. "पण मी गेल्यावर पहिली तीच भेटणार ना!"

*

मार्चचा पहिला आठवडा उजाडला. काका माझ्याकडे वळले. "तू कधी बोलत नाहीस. तुझा एखादा सांग बघू."

मला नको म्हणता येत नाही. मी सांगितला.

मालगुंडला एक बाई विम्याची पेन्शन घ्यायच्या. पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. आपण जिवंत आहोत, असं लिहून सही करायची. मी फॉर्म घेऊन गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढल्या वर्षाचा पण देऊन ठेव. तुझी फेरी वाचेल." तसं चालत नाही, म्हटलं. तरी त्यांनी एक कोरा ठेवून घेतला.

पुढल्या वर्षी गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "चार महिने झाले जाऊन. हा कागद तुमच्यासाठी ठेवला होता." फॉर्म त्यांच्या अक्षरात भरलेला. सही होती. खाली तारीख होती, मी उभा होतो त्याच दिवसाची. आणि मी खरं तर आदल्या दिवशीच जाणार होतो. एसटी चुकली म्हणून राहिलो.

काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "तो फॉर्म कुठाय?"

"हा काय, बॅगेतच आहे."

नझीरभाईंनी खुर्ची मागे सरकवली. बापू म्हणाले, "मेल्या, आता कसली होते तुझी बारावी!"

*

पण काकांचा निरोप आला. "मी देवीला कौल लावतोय. कागद घेऊन ये."

गावच्या देवळात गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. काका हात जोडून उभे, काकू त्यांच्या मागे.

"आई, फंडाचे पैसे पोस्टात ठेवू?" डावी पडली.

"पेन्शन घेतो. माझ्या एकट्याच्या हयातीपुरती घेऊ?" वाक्य पुरं होण्याआधी डावी पडली. काका मटकन खाली बसले. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दोघांची घेऊ?" उजवी.

काकांनी तिथेच, पायरीवर बसून सह्या केल्या. मला मात्र, खोटं कशाला सांगू, आनंद झाला होता. बारा झाल्या!

मी कागद बॅगेत भरत होतो. काकू गुरवाला म्हणाल्या, "एक राहिलं. मी एकटी असले तर ऑफिसात कुठे फिरू? दरवर्षी दाखला न्यायला हाच मुलगा येत राहील ना, तेवढं विचार."

गुरवाने पाकळ्या लावल्या. विचारलं. बराच वेळ काही झालं नाही. मग डावी पडली.

गुरव म्हणाला, "वारा आला असेल." समईची ज्योत सरळ होती.

एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला काकू आल्या. माझ्या हातात आमसुलांची पुडी दिली. गाडी वळणावर दिसली तेव्हा हळूच म्हणाल्या, "बाळा, तुझा स्वतःचा हाय काय रे विमा?"

त्या वर्षी माझ्या तेरा पॉलिस्या झाल्या.