उलट्या ब्लाउजची शिवणवाली

अख्ख्या नवी मुंबईत ब्लाउज उलटा घालून, शिवणी जगाला दाखवत, ताठ मानेनं भाजी आणायला जाणारी बाई एकच, ती म्हणजे घणसोली गावातली आमची शिवणवाली. नवरा होता तेव्हा म्हणे तो तिच्या दहा पावलं मागून चालायचा. हिला फरक नाही. गिऱ्हाईक अत्तर लावून आलं की ही माप दारातूनच घेणार, नुसत्या नजरेनं, आणि ते बरोबर निघतं हीच तर पंचाईत. शेजारी मिक्सर लागला की मशीन बंद, कानावर उशी. आणि गळ्यामागचं लेबल दिसलं की बोलता बोलता कात्री चालते. माझा जावई नमस्काराला वाकला तेवढ्यात तिनं त्याच्या नव्या शर्टाचं लेबल उडवलं, त्याला घरी गेल्यावर कळलं.

आता माझ्या नातीचं सांगते, त्याशिवाय ही बाई कळायची नाही. नात सहा वर्षांची, तिला ऑटिझम आहे. डॉक्टरीणबाईंनी समजावलेले शब्द मी वहीत लिहून पाठ केले होते. पण शाळेचा गणवेश चढवला की पोर किंचाळून ओरबाडून काढायची. शाळेच्या बाई म्हणाल्या, गणवेशाशिवाय वर्गात बसवता येणार नाही, सोमवारपर्यंत बघा. सुनेनं दोनदा जबरदस्ती केली, मग दोघी रडत बसल्या.

मी पोरीला आणि गणवेशाला घेऊन शिवणवालीकडे गेले आणि वही उघडून शिकवायला लागले. हा हट्ट नाही गं, मेल्टडाऊन आहे, पोरीचं सोसणं संपतं. हात फडफडवते ते स्टिमिंग, त्यानं तिला बरं वाटतं, धरायचे नाहीत. आणि सेन्सरी म्हणजे, असं म्हणून मी पान उलटलं, तर बाई ऐकतच नव्हती. तिनं गणवेश उलटा करून शिवणीवर गाल घासला आणि तोंड वाकडं केलं.

"यो कपडा हाय का कुंपन?" मग पोरीकडे न बघताच, "शिवन टोचते ना, बाय?"

आमची पोर दिवसात चार शब्द बोलते. ती म्हणाली, "चावते."

"मना पन."

तिनं सगळा गणवेश उसवला, कॉलरचं कडक अस्तर फेकलं, प्रत्येक शिवणीवर आपल्या लोण्यासारख्या मऊ झालेल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या लावल्या. सोमवारी पोर तो घालून फाटकातून हात फडफडवत आत गेली ती शाळा सुटल्यावरच बाहेर आली, आणि घरी गणवेश काढेना! आता शाळेच्या बाई स्वतः आणखी तीन मुलांचे गणवेश घेऊन शिवणवालीच्या दारात येतात. त्यांच्याही कुर्त्याचं लेबल गेलं, ते वेगळं.

परवा मी बसले होते, तर म्हणाली, तो चावन्याचा शब्द परत वाच. मी वाचला, सेन्सरी, म्हणजे स्पर्श, वास, आवाज इतरांपेक्षा जास्त बोचणं. ती सुईत दोरा ओवत राहिली.

"पोलका उलटा घातला की माजी आय मारायची. वाईट नव्हती ती. यो शब्द नव्हता तिच्याकडं."

मी वहीतलं ते पान फाडून दिलं. तिनं घडी करून ब्लाउजमध्ये खोचलं, कागद टोचला, मग मशीनच्या खणात बॉबिनांशेजारी अलगद ठेवलं.