पाणी आलं तरच खरं

प्रयोगशाळेत नाकातून नमुने घेणाऱ्या मावशींचा एकच कायदा: डोळ्यांत पाणी आलं तरच नमुना खरा. भलेभले पैलवान त्यांच्या खुर्चीत बसून मुळूमुळू रडले होते. "रडा की, लाजताय काय!" म्हणत मावशी काडी फिरवायच्या. जोडीदारीण जरा हलक्या हाताची, तर तिचं नावच त्यांनी हळूबाई पाडलेलं. "नाक पुसतेयस की नमुना घेतेयस गं?"

अशा मावशी आजी झाल्या आणि नेमक्या त्याच दिवशी शिंकल्या. तपासलं तर विषाणू! झालं. लेकीनं फोनवरच फर्मान काढलं, "आई, पूर्ण बरी झाल्याशिवाय बाळाजवळ फिरकायचं नाही."

मावशींना ना ताप, ना खोकला. नातीला कधी एकदा मांडीवर घेते असं झालेलं! चार-पाच दिवस कसाबसा दम धरला आणि मग प्रयोगशाळेत सगळे चहाला गेलेले बघून स्वतःचा नमुना स्वतःच घेतला. विषाणू गायब! मावशींनी नाचतच फोन लावला.

"नमुना कोणी घेतला?" लेकीनं विचारलं.

"मीच."

"डोळ्यांत पाणी आलं होतं?"

आता खोटं बोलायला जीभ रेटेना. स्वतःच्या नाकाशी मावशी फारच मायेनं वागल्या होत्या.

मुकाट्यानं खुर्चीत बसल्या. हळूबाई हातमोजे चढवताना गालातल्या गालात हसत होती. "मान वर, मावशी. लाजताय काय!" आणि काडी अशी फिरवली की मावशींना दिवसा तारे दिसले. डोळ्यांना धारा लागल्या.

तरीही विषाणू नाहीच. रक्त तपासलं तर विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं मात्र भरभरून वाढलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लस घेतली होती ना? शरीरानं चोर ओळखला. नाकात पथारी पसरायच्या आत हाकलून लावला. जा आता खुशाल." मावशींनी आधी हळूबाईला मिठी मारली, मग डॉक्टरीणबाईंना, मग दारातल्या एका अनोळखी पेशंटलाही मारणार होत्या.

"हात धुतलेस?" लेकीनं घराच्या दारातच अडवलं.

"कोपरापर्यंत, बाई!"

नात हातात आली. एवढीशी, गरम, तोंड वाकडं करून जांभई देणारी. लेकीनं वाकून पाहिलं.

"आई, अगं, रडतेस काय?"

"आलं गं पाणी," मावशी म्हणाल्या. "आता कुठं ही खरी वाटतेय."