चिमटीनं पाहिलेला दादा

अंगानं काडी आणि हातात कायम चिमटा, म्हणून मोबाइल दुरुस्तीच्या बाजारात सगळे तिला चिमटीच म्हणत. दुकान वडिलांचं. ते गेले आणि गल्ल्यावर दादा बसला, मागच्या कोंदट खोलीत काम मात्र चिमटीनं केलं. भिंगाखाली केसाएवढी तार जोडायची तर तिनंच. दादाचा हात कामाला जड आणि मारायला हलका. लहानपणी पट्टीनं मारायचा, पुढं पट्ट्यानं, आणि मग हाताला लागेल त्यानं.

एकदा एक गिऱ्हाईक दादाच्या तोंडावर म्हणालं, "मला आतल्या ताईंकडूनच करून हवंय." दादा हसला. गिऱ्हाईक वळणावर दिसेनासं झालं तसं त्यानं चिमटीला आतून ओढत आणलं, तिचं डावं मनगट उंबऱ्यावर दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं शटर खाली ओढलं.

दवाखान्यात आईनं सांगितलं, जिन्यावरून पडली. डॉक्टरांनी मान डोलावली. हाड जुळलं, पण वाकडं.

प्लास्टर निघालं त्याच दिवशी चिमटीनं आपलं भिंग आणि सोल्डरिंगची कांडी पिशवीत घातली आणि चार गल्ल्या पलीकडं एका घड्याळजीच्या दुकानात अर्धं टेबल मिळवलं. महिन्याभरात गिऱ्हाइकं विचारत विचारत तिथं पोचली. दादाच्या दुकानात माश्या.

तिथंच एक लिफ्टचा मिस्त्री आला. हनुवटीपासून कानापर्यंत जुना व्रण. त्यानं टेबलावर शर्यतीचा ड्रोन ठेवला: तळहाताएवढी काळी चौकट, चार कोपऱ्यांना चार मोटरी, त्यातल्या एकीची तार मुळापासून उपटलेली. चिमटीनं दहा मिनिटांत तार जोडून सोल्डरचा डाग दिला. मिस्त्री बराच वेळ तो डाग बघत राहिला.

"ताई, मी आठ वर्षं हे करतोय. असा डाग मला एकदाही जमला नाही. स्वतःचा का नाही बनवत?"

"बनवून करू काय?"

"एकदा चष्मा लावून बघा, मग सांगा."

रविवारी बंद कारखान्याच्या आवारात त्यानं तिच्या डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला. समोर ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं चित्र. जमीन एकदम खाली गेली, भिंत अंगावर आली, वाकली, मागं पडली. चिमटीनं मिस्त्रीचा दंड घट्ट धरला. चष्मा काढायला मात्र तिनं नकार दिला.

तीन आठवड्यांत तिचा ड्रोन उभा राहिला. एकूण एक डाग तिच्या हातचा. पण घाई नडली. मोटरी तपासायच्या तर पाती काढून ठेवावीत, हे मिस्त्रीनं बजावलं होतं. तिनं पात्यांसकटच बॅटरी लावली, रिमोटवरचं बटण चुकून दाबलं गेलं आणि टेबलावरचा ड्रोन उसळून तिच्या हातावर आला. कोपरापासून खाली चार वार. घड्याळजी किंचाळला. चिमटीनं तार खेचून बॅटरी तोडली आणि रक्त थेंब थेंब घड्याळांवर पडताना पाहत राहिली.

टाके घालून आल्यावर मिस्त्री म्हणाला, "हा नियम सगळे रक्त सांडूनच शिकतात. मी तर तोंडानं शिकलो."

उडवणं आणखी अवघड. पहिल्या दिवशी ड्रोन भिंतीवर, दुसऱ्या दिवशी पत्र्यावर, तिसऱ्या दिवशी बॅटरी फुटून जाळ. पण दोन महिन्यांत ती पाइपांच्या कमानींमधून सुईतल्या दोऱ्यासारखी जाऊ लागली. वाकडं मनगट रिमोटखाली टेकवलं की अंगठा जराही डगमगायचा नाही.

एके सकाळी मिस्त्री कारखान्याच्या मैदानाच्या टोकाला पडलेली कमान उभी करत होता. चिमटी एकटीच मध्ये उभी, डोळ्यांवर चष्मा. दूरच्या वळणावरून ड्रोन परतला तेव्हा चित्रात तिला समोरून स्वतःची आकृती दिसली, बोटाएवढी. आणि त्या आकृतीच्या पाठीमागं फाटकातून धावत येणारा एक माणूस, हातात लोखंडी गज.

धावण्यावरून तिनं ओळखलं. दादा.

मिस्त्री ओरडत होता, पण अंतर फार होतं. चष्मा काढून वळायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यात गज डोक्यात बसला असता. तिनं पुढचा विचार केला नाही. दोन्ही अंगठे पुढं रेटले.

चित्रात दादाचा चेहरा मोठा होत गेला. दात दिसले. त्यानं उजवा हात आडवा घातला. मग नुसता काळोख, आणि मागं सहा पावलांवर ओरडणं.

चष्मा काढला तेव्हा दादा मातीत लोळत होता. गाल फाटून लोंबत होता, उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. चिमटीनं बॅटरी बांधायचा पट्टा काढला आणि त्याच्या मनगटावर करकचून आवळला. तो डाव्या हातानं तिला मारू पाहत होता. तिनं तो हात गुडघ्याखाली दाबला.

"हलू नकोस, दादा. मरशील."

चष्म्यात सगळं आपोआप नोंदलं गेलं होतं. पोलीस ठाण्यात साहेबांनी ते तीनदा पाहिलं.

"हे उडवत कोण होतं?"

"मी."

"आणि ही मध्ये उभी आहे ती?"

"तीही मीच."

साहेबांनी गज असलेला क्षण थांबवून ठेवला आणि दादावर गुन्हा नोंदवायला सांगितलं.

दवाखान्याच्या पायरीवर आईनं तिला गाठलं. "सख्ख्या भावाचा हात तोडलास. आता तो पोट कसं भरणार?"

"माझं मनगट मोडलं तेव्हा हा प्रश्न कुठं गेला होता, आई?"

आई पायऱ्या चढून दादाकडं आत गेली. त्यानंतर चिमटी त्या घरी गेली नाही. दादाला शिक्षा झाली, सुटून आल्यावर तो मोबाइलची कव्हरं विकू लागला, हे तिला गिऱ्हाइकांकडून कळलं. तिला आनंद झाला नाही. वाईटही फारसं वाटलं नाही, आणि न वाटल्याचंच काही दिवस वाईट वाटलं.

उडवणं मात्र त्या सकाळपासूनच बिघडलं होतं. चित्रात माणूस दिसला की अंगठे आपोआप पुढं जायचे आणि ती घाबरून ड्रोन मातीत पाडायची. मिस्त्री मग महिनाभर रोज सकाळी मैदानाच्या कडेला जाळीमागं उभा राहिला. "मी इथंच आहे. माझ्या शेजारून जा," एवढंच म्हणायचा. पहिल्यांदा जमलं तेव्हा ती खाली बसून हमसाहमशी रडली.

वर्षानं ती शर्यतीला उतरली. सात जणांत पाचवी. शेवटच्या कमानीला धडकून ड्रोनच्या चौकटीचे दोन कोपरे मोडले. ते उचलायला ती मैदानभर चालत गेली आणि तिथंच उकिडवी बसून कोणती तार तुटलीय ते बघू लागली.