दुसऱ्यांदा न फिरवलेली नळी

आमच्या लॅबच्या फ्रिजमध्ये घोणस राहते, असं सांगून मी नव्या टेक्निशियनना घाबरवते. तसं ते खोटंही नाही. एका चिमुकल्या बाटलीत तिचं विष असतं, अतिशय पातळ केलेलं. त्यातलं एक एन्झाइम रक्ताला गोठायला लावतं. शेतात ती चावली की हेच एन्झाइम रक्तातलं गोठण्याचं सगळं सामान संपवून टाकतं आणि माणूस रक्त वाहून जातो. माझा मामा वर्ध्याकडे तसाच गेला. बाटलीतलं तेच एन्झाइम मात्र ज्या बायकांचे गर्भ टिकत नाहीत त्यांच्या कामी येतं. विष घातल्यावर रक्त वेळेत गोठलं तर ठीक. रेंगाळलं, तर एका अँटिबॉडीचा संशय येतो. ती गर्भाला पोसणाऱ्या वारेत रक्ताच्या गुठळ्या करते. वेळेवर सापडली तर इंजेक्शनं देऊन पुढचं मूल बहुतेकदा वाचवता येतं.

माझ्या धाकट्या बहिणीचे दोन गर्भ गेल्यावर डॉक्टरांनी ही तपासणी लिहून दिली. ती नोएडात आयटीत, आणि मी दिल्लीच्या एका हॉस्पिटलात कित्येक वर्षं याच टेबलावर. "ताई, तूच कर यार," ती म्हणाली. सोबत आईही आली होती. भावाचं मरण डोळ्यांनी पाहिलेली आई अजून सापाचं नाव घेत नाही, 'लांबडं' म्हणते. मी कशाने तपासते हे तिला कधीच सांगितलं नाही.

आमच्याकडे या तपासणीची प्रत्येक नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, दोनदा फिरवतात. एका फेरीत सगळ्या प्लेटलेट्स खाली बसत नाहीत. त्या राहिल्या आणि नमुना फ्रीजरमध्ये गेला, तर त्या फुटतात आणि अँटिबॉडी झाकली जाते. हे मी शिकवते, म्हणजे जवळजवळ ओरडूनच सांगते. पण घरचं माणूस ना! बहिणीची नळी मी रांग मोडून स्वतः आत नेली, एकदा फिरवली, आणि बाहेर दोघी सकाळपासून उपाशी बसल्यात म्हणून घाईघाईने फ्रीजरमध्ये ठेवून त्यांना कॅन्टीनला घेऊन गेले. छोले-कुलचे खाल्ले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट नॉर्मल आला. फोन मीच केला. आई आनंदाने रडली.

तिसरं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं.

काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, पुन्हा बघू. या वेळी नळी रांगेतून आली आणि दोनदा फिरली. मशीनवर सेकंद वाढतच गेले. मी उठून जुनं रजिस्टर काढलं. दुसऱ्या फेरीच्या रकान्यात प्रत्येक नावासमोर सही होती, फक्त बहिणीच्या नावासमोर जागा कोरी. मी रजिस्टर जागच्या जागी ठेवलं.

तेव्हापासून ते मूल माझ्याबरोबर असतं. मेट्रोत एखादी बाई लेकराची टोपी सारखी करते आणि मला वाटतं, आता ते चालायला लागलं असतं. मुलगा होता की मुलगी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. सेंट्रिफ्यूज थांबताना त्याचा आवाज बारीक बारीक होत जातो, तो ऐकला की मी उठून रकान्यातल्या सह्या पुन्हा तपासते. दोनदा फिरलेली नळीही कधी कधी तिसऱ्यांदा लावते. ज्युनियर हसतात. हसू देत.

मग बहिणीची इंजेक्शनं सुरू झाली, रोज, पोटात. गेल्या हिवाळ्यात तिला मुलगी झाली. मयूर विहारच्या फ्लॅटवर नामकरण होतं. बुद्धवंदना झाली, खीर वाटून झाली, आणि बहिणीने लेक माझ्या मांडीवर ठेवली. "ही ताईची. रक्तातलं ताईनेच तर पकडलं!" सगळे माझ्याकडे कौतुकाने बघू लागले. मला ते सहन होईना. लाज वाटत होती, आणि भीतीही.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. ती वाट्या विसळत होती.

"एक सांगायचं होतं. त्या पहिल्या रिपोर्टचं."

तिचे हात थांबले. "ताई, तेव्हा रक्तात काही नव्हतंच ना? मी रोज स्वतःला हेच सांगते. तेव्हा कळायला काही मार्गच नव्हता, म्हणून गेलं ते. एवढ्यावरच झोप लागते मला." ती माझ्याकडे वळली. "नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हणाले. "बिल्कुल नव्हतं."

तिने ओल्या हातांनीच मला मिठी मारली.