जिना चढले आणि सत्कार झाला

आधी चहा संपवा, मग सांगते. माझी ही फजिती ऐकताना लोक हसतात आणि मग मध्येच त्यांना वाटतं, अरे, आपण हसायला नको होतं. हसा हो. मीही हसते, रडून झाल्यावर.

माझे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेलेले, हे तुम्हाला दिसतंच आहे. पायांना कॅलिपर, काखेत कुबड्या. तरी मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याच्या पल्पच्या एका कारखान्यात फोनवर बसायचे. माझा भाऊ दिलीप मला रोज स्कूटरवरून सोडायचा. त्याला मुंबईत नोकरी लागली आणि माझी पंचाईत झाली. मालक म्हणाले, "सुनंदाबाई, जागा तुमचीच. फक्त यायचं कसं, ते तुमचं तुम्ही बघा."

उपाय एकच होता, बॅटरीवर चालणारी तीनचाकी. ती मिळायची सरकारी शिबिरात, डॉक्टरांनी तपासून 'गरज आहे' असं लिहिलं तर. म्हणजे माझी नोकरी त्या शिबिरावर टांगलेली होती.

आता हे शिबिर कुठे ठेवलं असेल? पहिल्या मजल्यावर! सभागृह वर आहे म्हणून. चालता येत नाही हे दाखवायला जिना चढून जायचं. खाली पोर्चमध्ये आम्ही बरेच जण होतो, पण कुणालाही याचं नवल वाटलं नाही. इतकी आम्हाला सवय आहे.

दिलीप म्हणाला, "उचलून नेतो तुला."

"एवढ्या लोकांत? नको. मी चढते."

"अगो, पण वरून ते तपासणीवाले बघतायत ना."

"बघू देत."

हा माझा माज. इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा गजरा, अशा थाटात मी बसून, हातांवर जोर देत एकेक पायरी वर सरकले. दिलीप कुबड्या घेऊन मागे. वर पोचले तर दारात एक साहेब चक्क हात जोडून उभे.

"या ताई, या. तुमच्यासारख्याच कुणाची तरी वाट बघत होतो."

मला वाटलं, काय ही सुधारणा झाली! त्यांनी मला थेट स्टेजवर नेऊन बसवलं. भानगड अशी होती, की उद्घाटनाला एका जिद्दी दिव्यांग महिलेचा सत्कार करायचा असं ठरलं होतं. कोणाचा, ते ठरवायचं राहून गेलं होतं. त्यांनी मला जिना चढताना पाहिलं आणि त्यांचं काम झालं. मी मनात म्हटलं, सत्कार करतायत म्हणजे पहिली तीनचाकी आपल्यालाच. शाल झाली, श्रीफळ झालं. आणि मग त्यांनी माझ्या हातात माईक दिला.

तिथे माझा घात झाला. शाळेत वक्तृत्वाच्या स्पर्धेत मी बक्षीस कधी सोडलं नाही. त्यात आम्ही रत्नागिरीची माणसं. माईक समोर आला की घसा खाकरलाच पाहिजे.

"मित्रहो," मी म्हटलं, "अपंगत्व पायांत नसतं, मनात असतं. आधार शोधत बसू नका. आपणच आपला आधार व्हा. आज मी कुणाचाही हात न धरता हा जिना चढून आले."

काय टाळ्या पडल्या म्हणता! साहेबांनी डोळे पुसले. सगळे मोबाइल माझ्याकडे वळले. मागे उभा राहून दिलीप दोन्ही हात हलवत होता. मला वाटलं, तोही दाद देतोय. तो बिचारा 'पुरे कर' म्हणत होता.

भाषण संपवून मी शाल पांघरूनच तपासणीच्या रांगेत जाऊन बसले. नंबर आला तसे डॉक्टर हसले. "ताई, तुम्ही इथे कशा?"

"तीनचाकीसाठी."

"तुम्हाला? आत्ताच म्हणालात, आधार शोधू नका."

"ते भाषण होतं हो, डॉक्टर."

"आणि जिना? तो तर मी डोळ्यांनी पाहिला. तसं तुम्हाला सगळं जमतं ना?"

आयुष्यभर ज्याने विचारलं, त्याला मी एकच उत्तर देत आले. कुणी कीव करू नये म्हणून. ते उत्तर तोंडात बसलेलं. मी म्हटलं, "जमतं की."

त्यांनी लिहून टाकलं, गरज नाही.

दिलीप मुंबईला गेला आणि माझं कारखान्यात जाणं थांबलं. माझा व्हिडिओ मात्र जिल्हाभर फिरला. कारखान्याच्या मालकांनीही पाहिला. 'आम्हाला तुमचा अभिमान वाटतो' असं त्यांनी मला कळवलं आणि माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली.

पुढच्या शिबिराला मी पुन्हा गेले. शेजाऱ्यांच्या रिक्षातून. या वेळी जिना चढायचा नाही, असं ठरवून पोर्चमध्येच बसले. शेजारी हेदवीकडचा एक माणूस होता. हातांत रबरी चपला घालून फरशीवरून सरकत आलेला. माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तुमी त्याच ना, भाषणवाल्या?"

"हो," मी म्हटलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"तुमचा व्हिडिओ मला दाखवला हितल्या सायबांनी. मागं मी तीनचाकी मागायला आलेलो तेव्हा."

"मग?"

"मग काय. म्हणाले, ही बाई बघ, हिला जमतं तर तुला का नाय जमत? आनि धाडलं घरी. माझ्या मागच्या दोघांना पन तेच."

तो रागावला नव्हता. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. म्हटलं, आता या माणसाचे पाय धरून माफी मागायची. त्यासाठी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"आवाज नीट येत होता का हो माझा?"