चुकली तिने पुन्हा वाचावे

शिक्षिकेच्या घरी दोन वस्तू न मागता साठतात : फुटक्या पाट्या आणि किस्से. पाट्या मी निवृत्त होताना शाळेला परत केल्या. किस्से मात्र कोणी परत घेईना! त्यांतले पुष्कळसे माझ्या ठाण्याच्या ओसरीवरचे आहेत.

तेथे आम्ही तिघी बायबलाचा अभ्यास करीत असू. मी, माझी जुनी विद्यार्थिनी रखमा, जिचे यजमान रेल्वेत तारमास्तर होते, आणि मिठागरावर राबणाऱ्या सोनाबाई, वयाने माझ्याहून मोठ्या, अक्षरओळख नसलेल्या. रोज एक अध्याय घरी वाचावा. सोनाबाईंना तो मी संध्याकाळी वाचून दाखवी. सकाळी ओसरीवर त्याचा जबाब द्यावा. वाचला नसेल, तर "आज अध्याय वाचला नाही" असे पूर्ण वाक्यात सांगावे. आणि वचन म्हणताना उच्चार चुकला, तर ते पुन्हा, पहिल्यापासून म्हणावे!

हा शेवटचा नियम अर्थात माझा. माझ्या वर्गात इन्स्पेक्टरसाहेबांनी उभ्या नोकरीत एकदाच चूक काढली, आणि तीही शेवटी त्यांचीच निघाली.

आणखी एक शब्द आम्ही एकमेकींना दिला होता. जी मागे पडेल, तिला आणायला उरलेल्या दोघींनी जायचे. मागे पडणार ती रखमाच, याविषयी मला शंका नव्हती.

*

एकदा वाट्याला वंशावळीचा अध्याय आला. सकाळी रखमा डोळे चोळीत आली.

"वाचलास?"

"अर्धा वाचला, बाई."

"अर्धा का?"

"अहो, याला तो झाला, त्याला हा झाला! एका बैठकीत इतकी बारशी! पाळणे तरी कुठून आणू?"

सोनाबाई गंभीरपणे म्हणाल्या, "माज्या घरचा ने. रिकामाच हाय."

*

रखमाला अर्ज लिहायला मीच शिकवले होते. त्याचे फळ मला प्रार्थनेत मिळाले. तिने हात जोडले आणि सुरुवात केली, "विनंती विशेष. आपण कृपाळू होऊन या अर्जाचा विचार करावा..."

सोनाबाईंनी एक डोळा उघडला. "अगो, देव काय मामलेदार हाय?"

त्या देवाला 'तू' म्हणत. मलाही 'तू'च म्हणत. दोघांनीही ते चालवून घेतले होते.

*

मिठाचा खारटपणा गेला तर ते कशाने खारट करावे, हा प्रश्न असलेला अध्याय होता. मी दृष्टान्ताचे विवरण करू लागले. मोठे सुबक विवरण होते. सोनाबाई अस्वस्थ झाल्या.

"बाय, मीठ उघडा कोनी टाकला?"

"तसे तेथे लिहिलेले नाही."

"लिव्हायला कशाला पायजे? पानी लागला की खार वाहून जातो, खाली उरते रेती. मिठाच्या राशीवर गवत घालायचा. एकीनं नाय होत, दोघी-तिघी लागतात." मग त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिले. "आपन इथं काय करतो मंग?"

माझे विवरण तेथेच थांबले. ते अजून अपुरेच आहे.

*

पुढे सोनाबाईंनी हट्ट धरला, "मना वाचायला शिकव." उन्हात चकाकणाऱ्या मिठाने त्यांची नजर मंदावत होती, ती जाण्याआधी निदान एक वचन त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे होते. मिठागराच्या ओल्या बांधावर त्या बोटाने अक्षरे गिरवीत. वर्षभरात अक्षरे आली. 'ण' आणि 'ळ' मात्र जिभेवर येईनात!

"ण म्हणा, सोनाबाई. बाण."

"बान."

"पुन्हा."

"बान! लागला तर मरतो ना मानूस? मंग झाला!"

*

तारमास्तरांची बदली कल्याणला झाली. रखमा सव्वा महिन्याची मुलगी कुशीत घेऊन गाडीत बसली. आता हिचा अभ्यास सुटला, असे मी मनात म्हटले. पण दुसऱ्याच दिवशी पोस्टकार्ड आले : अध्यायाचा आकडा, आणि त्याखाली तिला आवडलेले एक वाक्य. वाक्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या. मी तांबड्या शाईने त्या सुधारून कार्ड पाकिटात घालून परत पाठवले.

असे रोज चालले. तारमास्तरांनी एकदा खाली दोन ओळी जोडल्या, "बाईंचे पाकीट आले की आमच्या घरी परीक्षेचा निकाल लागतो!"

*

मग एका सोमवारी कार्ड आले, "आज अध्याय वाचला नाही." मंगळवारी तेच. बुधवारीही तेच.

मी सोनाबाईंना ती कार्डे दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली. "तांबडा कुठं हाय?"

"चूक एकही नाही."

"रखमाची चूक नाय?" त्या उठल्याच. "चल, बाय. तिला आनायला."

कल्याणला तारमास्तर दारातच उभे होते. "तान्ही गेली, बाई. रविवारी. ही तुम्हांला कळवू देईना."

आत पाळण्याच्या दोऱ्या आढ्याला गुंडाळून ठेवल्या होत्या. रखमा भिंतीला टेकून बसली होती.

"बाई, मी यापुढे कधीही वाचणार नाही."

वाक्य पूर्ण होते. दुरुस्त करण्यासारखे त्यात काही नव्हते. गाडीत मी अभ्यास सोडू नये यासाठी चार वाक्ये जुळवली होती; त्यांतले एकही येथे चालणारे नव्हते.

सोनाबाईंनी माझ्या पिशवीतून पुस्तक काढले. कोणासमोर त्यांनी अजून वाचले नव्हते. डोळ्यांतली आसवे पुसली जातील आणि मरण उरणार नाही, असे जेथे म्हटले आहे, ते पान मी त्यांना काढून दिले. एकेका शब्दाखाली बोट ठेवीत त्या वाचू लागल्या. 'डोळे'चे 'डोले' झाले. 'मरण'चे 'मरन' झाले. मी 'पुन्हा' म्हटले नाही.

वचन संपले. रखमाने मान वर केली नाही.

"चुकलं, सोनाबाई," ती म्हणाली. "पुन्हा. पहिल्यापासून."

सोनाबाईंनी बोट मागे नेले आणि पहिल्यापासून वाचले. "...मरन."

"पुन्हा," रखमा म्हणाली, आणि थोडी जवळ सरकली.