कंसातलं ‘गप्प’

ये पोरी, अशी जवळ सरक. दाराशी काहून उभी? वर्ष वर्ष तोंड दाखवत नाहीस, आणि आलीस की निघायची घाई! आज ऐकून घे. हे मी कोणालाच सांगितलं नाही — घरच्यांनाही नाही.

घाटंजीकडच्या आमच्या गावात तेव्हा फवारणीमागून फवारणी चालायची, तरी कापसाची बोंडं सडायचीच. शेजारची कुसुम फवाऱ्याचं औषध पाण्यात कालवायची, उघड्या हातांनी. तळवे सोलले, बोटं चिरली. गाव म्हणालं, महारोग. गाव — पाहिलंस, अजून ‘गाव’च म्हणते मी.

मग कातडीच्या रोगांची एक तरुण डॉक्टरीण आली. म्हणाली, महारोग नाहीच हा, औषधानं हात पोळलेत. तिला अभ्यासासाठी बायांचं बोलणं हवं होतं — हे दुखणं घेऊन तुम्ही जगता कशा? कुसुम टेपसमोर तोंड उघडेना. म्हणून वही माझ्याकडे आली. मी चौथी शिकलेली, पण अक्षर वळणदार. “काकू, शब्दाला शब्द लिहा. गप्प बसली तर कंसात ‘गप्प’ लिहा, तेही मोलाचं असतं,” असं सांगून ती पुढच्या घरी गेली.

मी कागदावरचा प्रश्न वाचला — लोक लांब झाले, हे पहिल्यांदा कधी जाणवलं?

कुसुम हसली. “लिहिशीन काय वं, बाई? तुनं मले दांडी तुटलेल्या कपात चहा देल्ला, त्या दिवशी. तुयं पाहून मंग गावानं केलं.”

काय लिहिलं असेल मी?

(गप्प).

अक्षर बिघडलं असेल म्हणतेस? नाही. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

डॉक्टरीण त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, “किती सोसलं असेल हो, शब्दच फुटले नाहीत!” मला शाबासकी दिली. पण त्या अभ्यासाची एक रीत — लिहिलेलं ज्याचं त्याला वाचून दाखवायचं, बरोबर आहे का विचारायचं. वाचायला पुन्हा मीच. डॉक्टरीण बाजूला बसलेली. मला उघडं पाडायला कुसुमला एक शब्द पुरला असता. मी वाचलं, “इथं तू गप्प होतीस.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली.

“हो,” म्हणाली. “गप्पच होतो मी.”

खाली अंगठा द्यायचा होता. सोललेल्या कातडीचा ठसा उठेना — नुसता निळा डाग.

हात पुढे बरे झाले तिचे. माझ्याकडे चहाला मात्र ती कधी आली नाही. आता ती गेली. त्या कागदावर अजून गप्पच आहे.

जा, उशीर होईल तुला. पण लवकर ये परत. माझ्या हातचा चहा घेतलाच पाहिजेस असं नाही.